पूल येईपर्यंत

आमच्या घरमालकांनी मला घर भाड्याने दिलं ते माझी पावलं ऐकून. हे सांगितलं की लोक हसतात, पण झालं ते असंच झालं. मी पुण्याहून नोकरीसाठी नुकतीच दिल्लीला आले होते. मयूर विहारमधल्या एका सोसायटीत मराठी कुटुंबाचा फ्लॅट रिकामा आहे असं कळलं, म्हणून रविवारी सकाळी तिथे जाऊन थडकले. मालक स्वतः दुसऱ्या मजल्यावर राहत होते आणि त्यांच्या बरोबर डोक्यावरचा फ्लॅट द्यायचा होता. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, एकटी राहणार का तेही विचारलं नाही. हातात किल्ली ठेवली आणि म्हणाले, "वर जा आणि जरा चालून या."

"घर बघून येऊ ना?"

"बघा की. पण चाला."

मी वर जाऊन भिंतींची ओल बघत होते, तेवढ्यात खालच्या गॅलरीतून हाक आली. "आता स्वयंपाकघरात!" मी स्वयंपाकघरात गेले. "आता ऑफिसला उशीर झाल्यासारखं चाला!" इतकी घरं बघून मी एव्हाना टेकीला आले होते, त्यामुळे मुकाट्याने उशीर झाल्यासारखी चालले. खाली आले तर गृहस्थ आरामखुर्चीत छताकडे तोंड करून, डोळे मिटून बसलेले.

"तुम्ही टाचेवर चालत नाही. राहा," ते म्हणाले. "आधीच्या पोरीने वर्षभर माझ्या डोक्यावर मिरच्या कांडल्या."

त्यांची बायको पदराने हसू झाकत चहा टाकायला आत गेली. त्या चहाबरोबर ते माझे काका झाले, त्या काकू झाल्या, आणि मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आले.

काका मूळचे विदर्भातले. तरुणपणी रेल्वेत लागले तेव्हा त्यांचं काम होतं यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांच्या बाजूने लांब दांड्याची हातोडी घेऊन चालायचं आणि प्रत्येक चाकावर ठोका मारायचा. धड चाक वाजतं, तडा गेलेलं चाक बसक्या आवाजात बोलतं. तो फरक ज्याला कळतो त्याच्यावर पुढच्या प्रवासातल्या सगळ्यांचा जीव अवलंबून. नंतर खात्याच्या परीक्षा देत देत ते अधिकारी झाले, बदली होऊन दिल्लीत आले, इथूनच निवृत्त झाले. हातोडी सुटली, ठोका काही सुटला नाही. मधल्या बोटाचं पेर वाकवून ते जगातली प्रत्येक वस्तू वाजवून बघत. दरवाजा, माठ, नव्याने प्लास्टर केलेली भिंत, बँकेतलं काउंटर. बाजारातला टरबूजवाला त्यांना लांबून पाहिलं की म्हणायचा, "अंकल जी, हाथ मत लगाओ, मैं खुद निकाल के देता हूँ," कारण काकांनी वाजवून नाकारलेलं टरबूज मग दुसरं कुणी घेत नसे.

काकू सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे बघितलंच नाही यांनी. पाण्याचा तांब्या वाजवून पाहिला आणि माझ्या बाबांना म्हणाले, याच्या बुडाला चीर आहे. घरात सगळे गप्प. सोयरीक मोडते की काय असं झालं."

"होती का पण चीर?" मी विचारलं.

"होती नं. दुसऱ्या महिन्यात गळायला लागला."

काका शेजारीच पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "आवाज खोटं बोलत नाही. खोटं बोलतो माणूस." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं. दिवसातून एकदा तरी ते बाहेर निघायचंच.

भाडेकरू म्हणून त्यांच्या डोक्यावर राहणं म्हणजे रोज तोंडी परीक्षा देणं होतं. संध्याकाळी मी जिना चढत असले की दार उघडायचं आणि काका म्हणायचे, "डाव्या चपलेचा अंगठा सुटायला आला आहे." मी बघायचे तर खरंच सुटायला आलेला असायचा. एकदा सकाळी सकाळी वर आले आणि म्हणाले, "तुझा फ्रीज रात्रभर धापा टाकून राहिला होता. मागे भिंतीला चिकटलाय का?" चिकटला होता. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी तो दोनदा उसासतो, म्हणजे रबर गेलंय, हेही त्यांनीच मला खालून ओरडून सांगितलं होतं. मला सुरुवातीला याचा संताप यायचा. पुण्यात आईने जेवढं लक्ष ठेवलं नाही तेवढं हा माणूस माझ्या भांड्याकुंड्यांवर ठेवून होता. पण परक्या शहरात तापाने पडले होते तेव्हा मी कुणालाही सांगितलं नसताना काकू वर पेज घेऊन आल्या, कारण सकाळपासून माझी पावलं वाजली नाहीत हे काकांनी त्यांना सांगितलं होतं. त्यानंतर मी चिडायचं सोडून दिलं.

आता मी गाझियाबादला एका उंच इमारतीत राहते. माझ्या खाली कोण राहतं ते मला ठाऊक नाही. मी टाचेवर चालते की चवड्यावर, त्याने कुणाचं काही अडत नाही. घरी आल्यावर कधी कधी मी उगाच स्वयंपाकघरात जाते आणि उशीर झाल्यासारखी परत येते. कुणी काही म्हणत नाही. याचं मला इतकं वाईट वाटेल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण काकांचा खरा जीव होता तो त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीत. काकू तेव्हा अजून सरकारी नोकरीत होत्या आणि त्यांचं ऑफिस यमुनेपलीकडे होतं. माझंही तिकडेच होतं. रोज सकाळी काका आम्हा दोघींना सोडायला निघायचे. काकू मागे बसून डब्यातली पोळी खायच्या आणि मी पुढे. दोन बायका एका गाडीत बसून गप्प राहिल्या असं दृश्य बघायचं असेल तर आमच्या गाडीत बघावं, कारण काकांचा कायदा होता: यमुनेचा पूल येईपर्यंत कुणी बोलायचं नाही. "सकाळी पहिल्यांदा गाडीला बोलू द्या," ते म्हणायचे. "तुम्हा दोघींना दिवस पडलाय." रेडिओ नाही, फोन नाही. खिडकीच्या काचासुद्धा अर्ध्याच खाली, कारण पूर्ण उघडल्या की वाऱ्याचा आवाज मध्ये येतो.

पूल लागला की काका विचारायचे, "काय म्हणाली गाडी?"

मग आमची परीक्षा. काकू नेहमी म्हणायच्या, "मला उतरव म्हणाली." मी मात्र हळूहळू तयार होत गेले. "तिसऱ्या गिअरमध्ये थोडी घुं घुं करत होती" असं काहीतरी मी सांगायचे आणि काका तोंड वाकडं करून म्हणायचे, "ते गाडीचं नाही, ते टायरचं. पुढचं डावं. बिल्कुल लक्ष नाही तुझं." पण मनातून ते खूष व्हायचे हे मला कळायचं. दिल्लीत मला आधी एकच आवाज ऐकू यायचा, गोंगाटाचा. काकांच्या शेजारी बसून बसून त्या गोंगाटाचे सुटे सुटे धागे ऐकू यायला लागले.

माझं तिसरं वर्ष चालू होतं तेव्हा हे सगळं बदलायला लागलं, आणि मला ते लवकर कळलंही नाही. काका माझ्या फ्रीजबद्दल बोलेनासे झाले. माझ्या चपला बिनबोभाट झिजल्या. मला वाटलं, वयाने माणूस निवळला. टीव्हीचा आवाज वाढला, तेव्हा काकू म्हणाल्या की टीव्हीच जुना झालाय. मग एक दिवस मी त्यांच्याकडे बसले असताना स्वयंपाकघरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या आणि काका पेपरातून मान वर करून म्हणाले, "आज कुकर लावला नाही का?" काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. "लावते आता," असं म्हणून त्या उठल्या आणि आत जाऊन गॅस बंद केला.

त्या थंडीत गाडीचा पत्रा सुटला. सायलेन्सरच्या नळीवर उष्णता अडवायला एक पातळ पत्रा असतो, हीट शील्ड म्हणतात त्याला. त्याचा बोल्ट गंजून गेला की पत्रा लटकतो आणि इंजिनच्या थरथरीने नळीवर वाजत राहतो. धोका फारसा नसतो पण आवाज असा, की जणू गाडीच्या पोटात कुणी चमच्यांचा डबा हलवतंय. सोसायटीतून गाडी निघाली की गॅलऱ्यांमधून लोक वाकून बघायचे. ज्या माणसाने सगळ्या सोसायटीच्या स्कूटर, पंखे आणि पाण्याच्या मोटारी ऐकून ऐकून त्यांची दुखणी सांगितली होती, त्याची स्वतःची गाडी खडखडत चालली होती आणि तो मजेत चालवत होता. एकजणही त्याला काही बोलला नाही. फाटकावरचा गार्ड तर आवाज ऐकूनच फाटक उघडून ठेवायचा आणि काकांना नेहमीपेक्षा जरा कडक सलाम करायचा.

पहिल्या दिवशी पूल येईपर्यंत ती खडखड ऐकताना मी आरशातून मागे बघत होते आणि काकू आरशातून माझ्याकडे. पूल आला.

"काय म्हणाली गाडी?" काकांनी विचारलं.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून काकू म्हणाल्या, "काही नाही म्हणाली. छान चालली आहे."

"हं," काका म्हणाले.

त्या संध्याकाळी काकू वर माझ्याकडे आल्या. त्या एरवी जिना चढून वर येत नसत, गुडघे दुखायचे. खुर्चीत बसून दम घेतला आणि म्हणाल्या, "हे बघ, त्यांना सांगू नको. त्यांच्या बाबांचं असंच झालं होतं. ऐकू येईना, तसं त्या माणसाने बोलणंही सोडून दिलं. दिवसभर खाटेवर बसून राहायचे. कुणी हसलं तरी वाटायचं आपल्यालाच हसून राहिले. मी लग्न होऊन गेले तेव्हापासून त्यांचा एक शब्द ऐकला नाही. यांना त्याचीच धास्ती आहे, अजून तोंडाने बोलले नाहीत कधी, पण आहे. ज्या दिवशी यांना कळेल की कान गेले, त्या दिवशी हे खुर्चीत बसतील, बघ तू. मग उठायचे नाहीत."

"पण काकू, गाडी चालवतात ते. हॉर्न ऐकू आला नाही तर?"

"तू बसतेस नं शेजारी," त्या म्हणाल्या.

म्हणजे तेव्हापासून मी कान झाले. ट्रक मागून हॉर्न मारत आला की मी सहज म्हटल्यासारखं म्हणायचे, "काका, डावीकडून घ्या ना, ऊन येतंय." रुग्णवाहिका असली की "काका, जरा थांबा, माझी ओढणी दारात अडकली." ओढणी महिनाभर अडकत होती. पूल आला की काका विचारायचे, "काय म्हणाली गाडी?" आणि आम्ही दोघी एकसुरात सांगायचो, "छान चालली आहे." ते "हं" म्हणायचे आणि पुलावरून पाण्याकडे बघायचे.

हे असं फार दिवस चालणं शक्य नव्हतं. सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी चेष्टेने बोलून जाईल, ही काकूंना भीती होती. म्हणून आम्ही दोघींनी मिळून बेत केला की गुपचूप पत्रा बसवून आणायचा. गाडी गप्प झाली की ज्याच्यावर बोट ठेवायचं ते काही उरणारच नाही. आमच्या डोक्याला तेव्हा हे फार हुशारीचं वाटलं होतं.

रविवारी सकाळी काका-काकू मेट्रोने बुद्धविहारात वंदनेला जात. तिकडे गाडी लावायला जागा नसे. ते निघाले आणि काकू ठरल्याप्रमाणे गाडीची चावी दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटावर विसरल्या. काका कुणाला गाडी चालवू देत नसत, त्यामुळे त्या चावीला हात लावताना मला चोरासारखं झालं. पटपडगंजच्या रस्त्याला एक मेकॅनिक बसायचा. त्याने गाडी जॅकवर घेतली, खाली सरकला, आणि पाठीवर पडल्या पडल्याच म्हणाला, "मैडम, पीछे का बोल्ट गल गया है. पत्ती निकाल के फेंक देता हूँ, कोई फ़र्क़ नहीं पड़ता. आधी दिल्ली बिना इसके घूम रही है."

"नहीं, निकालना नहीं है. लगाना है."

"क्यों लगाना है? आवाज़ ही तो बंद करनी है ना?"

मला काकांचं बोलणं आठवलं. ते म्हणायचे, ज्याने गाडी बनवली त्याने कुठलाही पत्रा हौस म्हणून लावलेला नसतो. ते मी हिंदीत सांगितलं. मेकॅनिकने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मनात म्हणत होता, यांच्या घरी कुणीतरी म्हातारं माणूस आहे. मग नळी गार होईपर्यंत चहा प्यायला, आणि एक रुंद स्टीलची क्लिप नळी आणि पत्रा या दोन्हींना मिळून गुंडाळून स्क्रूने घट्ट आवळली. चालू करून बघितली तर गाडी अगदी शहाण्या मुलीसारखी गप्प. मी इतकी खूष झाले की येताना काकूंसाठी जिलबी घेतली.

सोमवारी सकाळी काकांनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. काका गिअर टाकेनात. त्यांनी इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, जागेवरच ॲक्सिलरेटर थोडा दाबला. मग वाकून उजव्या पायातला बूट काढला आणि मोजा घातलेलं पाऊल गाडीच्या तळावर सपाट टेकवून बसले. मागे काकूंचा डबा उघडायचा राहिला होता. काकांनी बूट परत घातला आणि गाडी काढली.

पूल आला आणि गेला. काकांनी काहीच विचारलं नाही. मी त्यांच्या गाडीत बसायला लागल्यापासून हे पहिल्यांदा झालं होतं. काकू उतरताना म्हणाल्या, "संध्याकाळी भाजी काय आणू?" काकांनी गाडी पुढे काढली.

संध्याकाळी मी मेट्रोने परत आले तर काका खाली पार्किंगमध्ये गाडीपाशी उभे होते. हातात स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च, खाली जमिनीवर पेपर अंथरलेला.

"कुणी हात लावला माझ्या गाडीला?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची सोय नव्हती. "मी नेली होती, काका. खालचा पत्रा सुटला होता. वाजत होता."

"मला माहीत आहे तो सुटला होता ते. पायाला लागून राहिला होता नं, रोज." ते हळू बोलत होते. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्याने बोलतात, काका उलट हळू बोलायला लागले होते. "म्हणून तर ठेवला होता. रोज सकाळी बसलो की पाय सांगायचा, वाजतोय. मग मी कान देऊन बघायचो, येतो का. कधी यायचा. अगदी लांबून, पण यायचा. कधी नाही यायचा. ज्या दिवशी आला त्या दिवशी वाटायचं, चला, अजून थोडा शिल्लक आहे. आणि रोज पुलावर मी तुम्हाला विचारत होतो."

"काका, आम्ही..."

"तुम्ही म्हणायच्या छान चालली आहे. तेव्हाच कळलं, की तुम्हाला दोघींना कळलेलं आहे." त्यांनी गाडीच्या टपावर पेराने एक ठोका मारला आणि सवयीने कान तिरपा केला. "आज सकाळी गाडी गप्प झाली. मला कसं समजणार, ती गप्प झाली की मी संपलो? पाय टेकवला तेव्हा समजलं. पण तोवर, पोरी, माझं पाणी पाणी झालं होतं."

मला रडू आलं. वर गॅलरीत काकू कठड्याला धरून उभ्या होत्या.

"रडू नको. सैल कर ती क्लिप," काका म्हणाले. "मला आता गाडीखाली शिरवत नाही."

मी ऑफिसच्या कपड्यांतच पेपरवर आडवी झाले आणि गाडीखाली सरकले. काकांनी टॉर्च धरला. गाडी सकाळपासून उभी होती, नळी गार पडली होती. मी स्क्रू फिरवत गेले आणि क्लिप सैल झाली, पत्रा बोटाने हलायला लागला. मी बाहेर आले. काका आत बसले आणि चावी फिरवली.

इंजिन सुरू झालं. काकांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. पत्रा वाजत नव्हता. सैल केला खरा, पण जागच्या जागी टेकून बसला होता. एक हादरा बसल्याशिवाय तो निसटणार नव्हता. मी खिडकीशी उभी राहून नुसतं इंजिन ऐकत होते. काकांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की मला बघवेना.

"आला," ते म्हणाले. "आला, बरं का. ऐकू आला."

मी म्हटलं, "हो काका. आला."

ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग दार उघडून उतरले आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले. "चल, तू चालव. पुलापर्यंत जाऊन येऊ. मला नीट बसून ऐकायचंय."

काकांच्या सीटवर बसायची परवानगी मला पहिल्यांदाच मिळाली होती, आणि अशी मिळायला नको होती. मी सीट पुढे ओढली. गार्डने फाटक उघडलं, ते आज आवाजाशिवाय, बघून. फाटकाबाहेरच्या गतिरोधकावरून गाडी धप्पकन उतरली आणि खालचा पत्रा सुटला. जुना चमच्यांचा डबा पुन्हा सुरू झाला. गार्ड मागे वळून बघायला लागला. काकांनी बूट केव्हाच काढून ठेवला होता. पाऊल खाली टेकवून, एक तळवा डॅशबोर्डवर ठेवून ते समोर बघत होते.

"आता आला," ते म्हणाले.

"हो."

"मघाशी नव्हता."

मी गिअर बदलला. "नव्हता, काका."

"मग हो का म्हणालीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

काका हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना असं पोट हलवून हसताना बघितलं. खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले आणि रुमालाची घडी करत म्हणाले, "म्हणजे आवाज गप्प होता आणि खोटं आपण दोघं बोललो. एवढी वर्षं सांगून राहिलोय, बरोबरच निघालं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ऐकू काही येत नाही आता. पायाला लागतंय फक्त. कसा आहे?"

"काय?"

"आवाज. कसा आहे, सांग नं."

मी कान दिला. खरंच कान दिला, त्यांनी शिकवला होता तसा. "पातळ आहे. स्टीलच्या डब्यात चमचा राहून गेल्यासारखा."

"एकसारखा की थांबून थांबून?"

"थांबून थांबून. रेस दिली की बंद होतो. सोडली की परत."

काकांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. "मग पुढचे बोल्ट धड आहेत," ते म्हणाले. "मागचा गेलाय. एकच."

"हो. मेकॅनिकनेही तेच सांगितलं."

"त्याने बघून सांगितलं," काका म्हणाले.

रस्त्याला गर्दी होती. पुढे बस, शेजारी स्कूटर, मागे कुणीतरी उगाच हॉर्न वाजवत होतं. बोलण्यासारखं काही उरलं नाही असं वाटून मी सवयीने गप्प झाले. थोडं अंतर तसंच गेलं.

"गप्प का झालीस?" काकांनी विचारलं.

"पूल यायचाय अजून."

त्यांनी डॅशबोर्डवरचा हात उचलला आणि गिअरवरच्या माझ्या हातावर पेराने हलकेच एक ठोका मारला.

"बोल," ते म्हणाले. "यापुढे पुलाच्या आधीच बोलायचं. काय म्हणतेय गाडी?"